पायावरची रेघ

डॉक्टरांनी माझ्या पायावर निळ्या पेनाने रेघ मारली, टोपण लावलं आणि पेन खिशाला अडकवलं. अंगठ्याच्या बुडापासून निघून पायाच्या पाठीवरून वळत करंगळीच्या खाली उतरलेली रेघ. हात सराईत होता, कुठे अडखळला नाही. त्यांच्यामागे शिकणारी पोरं उभी होती, त्यांना ते भराभर काही सांगत होते, त्यातलं मला काही कळलं नाही. एका मुलीने मान डोलावली आणि पायाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. मग ते माझ्या लेकीला म्हणाले, "गोळ्या चुकवू नका. पुढच्या आठवड्यात काय ते ठरवू. आणि आजी, चालायचं नाही, उभं राहायचं नाही. पाऊल जमिनीला लागता कामा नये." मी बरं म्हटलं. विचारायचं होतं ते जिभेवर आलं होतं, पण तोवर पडदा सरकला आणि पलीकडच्या खाटेवरच्या माणसाच्या पायाची पाळी आली. सिस्टरने माझ्या पावलाला पट्टी गुंडाळली. गुंडाळता गुंडाळता रेघ झाकली गेली. मला वाटलं, झाकली म्हणून काय झालं, आहे ती तिथेच.

मी आयुष्यभर रेघाच मारत आले. गळ्याची रेघ, मुंढ्याची रेघ, उंचीची रेघ. कापडावर खडूची रेघ कशासाठी मारतात ते मला कुणी सांगायला नको. ज्या मास्तरांच्या दुकानात मी काम शिकले तिथे एक नियम होता, ज्याने रेघ मारली त्यानेच कात्री धरायची. दुसऱ्याच्या रेघेवर तिसऱ्याने कापलं की माप चुकतं आणि मग दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. मास्तर जेवायला गेले आणि फळीवर त्यांनी रेघ मारलेलं कापड पडलेलं असलं, तर ते परत येईपर्यंत आम्ही मुली त्याला हातसुद्धा लावत नसू. ते कापड मला बघवायचं नाही. अजून अखंड असायचं, घडी घातली तर घडी पडली असती, पण त्याचं ठरून गेलेलं असायचं. टॅक्सीत बसल्यावर मला ते कापड आठवलं. लेक म्हणाली, "काय गं, गप्पशी?" मी म्हटलं, "काही नाही, ऊन लागतंय." तिने काच वर केली. डॉक्टरांचे हात कसे होते ते मी आठवून बघत होते. बोटं बारीक होती, नखं बारीक कापलेली. कात्री चांगली चालत असणार.

जखम व्हायला कारण काय, तर एक बटण. कुणाच्या तरी शर्टाचं बटण चपलेत पडलं आणि मी दिवसभर त्यावर चालले. संध्याकाळी चपला काढल्या तेव्हा लेकीने बघितलं, अंगठ्यामागच्या गादीत बटण रुतून बसलेलं, चार भोकांसकट. मला काही कळलंच नव्हतं. साखर अंगात शिरून वर्षं झाली होती आणि पावलं हळूहळू मुकी होत गेली होती. आधी बोटांत मुंग्या यायच्या, मग त्याही यायच्या बंद झाल्या, आणि मला वाटलं, चला, बरं वाटतंय. बटण निघालं पण भोक बुजेना. मलमं झाली, पट्ट्या झाल्या, कडेचं मेलेलं कातडं खरवडून झालं. जखम खोल आणि ओली, आणि दुखायचं मात्र कणभर नाही. दुखलं असतं तर मी रडले असते, ओरडले असते, चार लोकांत सांगितलं असतं. जे दुखत नाही त्याबद्दल ओरडायचं काय? मग या डॉक्टरांनी नव्या कातड्याची गोष्ट काढली. प्रयोगशाळेत वाढवलेलं कातडं, जखमेवर अंथरायचं. पहिला तुकडा लावून झाला होता, आणि आज पट्टी उघडली तर तुकड्याच्या जागी नुसता चोथा होता आणि भोवती लाली. त्या लालीकडे बघूनच डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं होतं.

घरी आले आणि भिंतीच्या खुंट्यांवर लटकलेले कपडे बघितले. गल्लीतल्या शाळेचे युनिफॉर्म, एका बाईचे पडदे, खालच्या मजल्यावरच्या पोटुशीचा सैल गाउन, तिला तर पुढच्या महिन्यात तो होणारच नाही. सगळे अर्धवट. बाह्या एकीकडे, अंग एकीकडे. ते बघून मला रडू यायला हवं होतं, पण डोकं फार शांतपणे चालू लागलं. माझ्याजवळ एक आठवडा आहे. पाय जायच्या आधी लोकांचं काम हातावेगळं करायचं. कापडं माझ्याकडे अडकून राहिली आणि मी तिकडे खाटेवर पडले, तर कुठल्या तोंडाने सांगणार? उजवा पाय जाणार म्हणजे मशीन जाणार, हे मला त्याआधीच कळून चुकलं होतं. आमचे हे असताना म्हणायचे, "आपल्या घराचं इंजिन हिच्या उजव्या पायात आहे, मी आपला मागचा डबा." लोकांसमोर म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. त्यांच्या आजारपणात इंजिन चाललं, लेकीच्या शिक्षणात चाललं. लेकीने विजेची मोटर बसवून देते म्हटलं होतं. मी म्हटलं, मोटर पळते, मला पळायचं नाही, मला शिवायचंय.

लेक मोबाइलच्या दुकानात काउंटरला असते. ती सकाळी डबा घेऊन निघाली की मी खाटेवरून चाकांच्या स्टुलावर सरकायची. पाऊल जमिनीला लावायचं नाही म्हणजे नाही, मी शब्दाला पक्की. तोंड धुवायलाही स्टुलावरूनच जायची, दवाखान्याने दिलेला तो मोठा प्लास्टिकचा बूट खाटेखालीच. बूट चालण्यासाठी, बसलेल्या माणसाला बूट कशाला? हाताने भिंतीला ढकलत स्टूल मशीनपाशी न्यायची, चाक हाताने फिरवून सुरू करायची आणि मग पाय आपोआप लागायचे. पावलांना कळत नव्हतं, पण गुडघ्याला ठेका कळत होता. खट खट खट खट. तेवढा वेळ मी रेघ विसरायची. टाका थांबला की रेघ परत यायची. मग मी टाका थांबूच द्यायची नाही.

तरी मध्येच तो माणूस यायचा. खरं म्हणजे तो कितीतरी वर्षांपूर्वी येऊन गेला होता. दुकानाच्या पायरीशी रिक्षातच बसून त्याने हाक मारली होती, "मावशी, जरा बाहेर या, मला वर यायचं नाही." मांडीवर पँटींचा गठ्ठा. सगळ्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापायचा आणि तोंड शिवून टाकायचं. मी टेप घेतली आणि माप घ्यायला हात पुढे केला, आणि माझा हात हवेतच राहिला, कारण माप घ्यायला तिथे काही नव्हतं. तोच हसला. म्हणाला, "घाबरू नका, चावत नाही. अर्ध्या पायाची शिलाई अर्धी लावा म्हणजे झालं." मीही हसले. काम केलं, नीट केलं, शिवण आत दडवली म्हणजे त्याच्या कातडीला टोचायला नको. पण कापलेले ते डावे पाय, इस्त्रीच्या घडीसकट, चिंध्यांच्या बोचक्यात टाकायला माझा हात धजेना. एकात गुडघ्याचा फुगवटा तसाच होता, कापडाने धरून ठेवलेला. आता पडद्याची किनार दुमडताना मला वाटायचं, माझं काय कापतील ते कुठे टाकतील? हे कुणाला विचारायचं? असलं विचारणाऱ्या माणसाला येडं समजतात.

डॉक्टरांना फोन करून रेघेचं विचारता आलं असतं. लेकीला विचारता आलं असतं. एका संध्याकाळी ती पोळपाटावर कणीक घेऊन बसली होती, मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "त्या गाउनचं बटण कुठल्या रंगाचं लावू?" ती म्हणाली, "आई, तू शिवत नाहीयेस ना?" मी म्हटलं, "हाताने. बटणं हातानेच लावतात." ते खरं होतं. तिलाही बरं वाटलं. मला कळत होतं की मी विचारत नाही, कारण विचारलं की ती "हो" म्हणेल, आणि मग ते माझ्या एकटीचं राहणार नाही. तोवर ते फक्त पट्टीखाली होतं.

आठवड्याने गेलो तेव्हा सगळे कपडे शिवून, इस्त्री करून खुंटीला होते. पोटुशी येऊन गाउन घेऊन गेली होती. मी नखं कापली, केस विंचरले, धुतलेले कपडे घातले. माणूस प्रवासाला निघतो तशी निघाले. लेक म्हणाली, "आज काय विशेष?" दवाखान्यात खाटेवर पाय लांब केला. सिस्टर पट्टी सोडायला लागली. थर उलगडत होते. मी छताकडे बघत होते. छताचा एक चौकोन ओल धरून पिवळा पडला होता. डॉक्टर आले, वाकले, आणि म्हणाले, "छान."

छान? मी मान उचलली.

"लाली बघा ना आजी, रेघेच्या कुठल्या कुठे आत आली. गोळ्या लागू पडल्या."

"म्हणजे?" मी म्हटलं. "रेघ त्यासाठी होती?"

"मग कशासाठी? लाली पसरते की मागे हटते, कळायला नको?"

"मला वाटलं कापायची."

सिस्टर खळखळून हसली. "अहो मावशी, पेनाने कुणी कापतं का?" डॉक्टरही हसले. लेक हसली नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गेला आठवडा तिच्या घरात नव्हतेच, दुसरीच कुणी बाई होती. मला हसू आलं, मग हुंदका आला, दोन्ही एकाच घशातून यायला लागले. मी सुटले, असं वाटलं. देहाला इतकं हलकं वाटलं की मी सिस्टरला म्हटलं, "तुला एक ब्लाउज शिवून देते, फुकट."

"माप मग घ्या," सिस्टर म्हणाली, आणि पट्टीचा तळव्याखालचा जाड थर सोडवता सोडवता थांबली. तिने तो उजेडात धरला. "डॉक्टर, हे काय उमटलंय?"

पांढऱ्या पट्टीवर काळपट तेलकट जाळी उमटली होती. तिरप्या रेघा एकमेकींना छेदत गेलेल्या, मधे एक गोल. शिकणारी पोरं पुढे झाली. कुणी म्हणालं पायपुसणं, कुणी म्हणालं बुटाचा तळ. डॉक्टरांनी आता हसणं आवरलं होतं आणि जखमेत बघत होते. "आतून चेचली गेलीय," ते म्हणाले. "लाली गेली, पण जखम वाढलीय. आजी, खरं सांगा. चालता ना?"

"देवाशपथ नाही."

"ती खरंच चालत नाही हो," लेक म्हणाली. "मी घरात नसते, पण तिने एकदा नाही म्हटलं की नाही."

मी जाळीकडे बघत होते. ती मी रोज पुसत आले होते. दर रविवारी चिंधीला तेल लावून त्या जाळीच्या प्रत्येक भोकात बोट घालून पुसायची. लग्नानंतर घरात आलेली ती पहिली वस्तू. बोटांनी ती आधी ओळखली, आणि नाव मागून आलं. पायडल.

"मशीन," मी म्हटलं. "शिवणाचं. पायाचं."

"पण तुम्हाला सांगितलं होतं..."

"चालायचं नाही सांगितलं होतं. उभं राहायचं नाही सांगितलं होतं. मी बसले होते."

पलीकडच्या पडद्यामागे कुणाची तरी काठी पडली. डॉक्टरांनी पट्टीवरची जाळी माझ्या तळव्यापाशी नेऊन धरली. जाळीचा मधला गोल बरोबर जखमेवर येत होता. "पहिलं कातडंही असंच गेलं असणार," ते हळूच म्हणाले. "दिवसभर, त्याच जागी, दाब." मग माझ्याकडे बघून, "आणखी एक तुकडा लावू. एकच. पण हाही असाच गेला, तर मग आजी, तुम्हाला वाटली होती ती रेघ मारावी लागेल."

म्हणजे मी सुटले नव्हते. एक आठवडाभर मी ज्या रेघेला भीत होते ती रेघ नव्हती, आणि भीत भीत मी स्वतःच ती मारत होते, खट खट खट खट, सकाळपासून लेक यायच्या वेळेपर्यंत. आणि पाय एका शब्दाने बोलला नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याचा राग तरी करता आला असता.

काही दिवसांनी जखम साफ झाल्यावर दुसरा तुकडा आला. चपट्या डबीत, गुलाबी चिकावर पोहत असलेला, दुधावरच्या सायीसारखा. डॉक्टरांनी चिमट्याने उचलला तेव्हा तो थरथरला. त्यांनी पुढे सांगितलं ते ऐकून मला कच्च्या टाक्याची आठवण झाली. म्हणाले, "हे कातडं कायमचं राहायला येत नाही. तुमच्या कातडीला वाढायला लावतं आणि आपण विरून जातं." पक्की शिवण बसली की कच्चा टाका ओढून टाकतात, तसंच हे. मी विचारलं, "पण हे मूळचं कुणाचं?" सिस्टर म्हणाली, "तान्ह्या बाळाचं. बाळाच्या कातडीचा एवढुसा तुकडा आई-बाप देतात, त्यातून वाढवतात." मला ते ऐकायला नको होतं. मी एका बाळाला पायडलखाली घातलं होतं, असंच मला वाटलं. ते बाळ आता मोठं झालं असेल, कुठल्यातरी मैदानात गुडघे फोडून घेत असेल, त्याला काय ठाऊक. पण त्याच्या अंगचं जे माझ्यापाशी आलं ते मी चेचून टाकलं, आणि आता दुसरं आलंय.

लेकीने त्याच दिवशी मशीनचा पट्टा काढून आपल्या पर्समध्ये टाकला. "आई, तुझ्यावर विश्वास आहे," ती म्हणाली. "पट्ट्यावर नाही." मी खाटेवर पडून राहिले. पाय उशीवर, हवेत. समोर मशीन, त्यावर चादर टाकलेली, तरी आकार लपत नव्हता. पडून राहण्याची भीती काय असते ते मला तेव्हा कळलं. हातात काम असलं की भीती शिवणीत जाते. काम नसलं की ती अंगभर मोकळी फिरते. दुपारी जरा डोळा लागला आणि कशाने तरी जाग आली. कशाने, ते लगेच कळलं नाही. खाट हलत होती. बारीक, ठेक्यात. मी मान उचलून बघितलं तर उशीवर माझा उजवा पाय चालत होता. पुढे मागे, पुढे मागे, हवेत पायडल मारत. मी त्याला सांगितलं नव्हतं. मी बघत होते आणि तो चालत होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा, आणि मी ओरडले, "थांब!" रिकाम्या घरात. मग तो थांबला. माझ्या ओरडण्याने थांबला की आपला आपण, देव जाणे.

संध्याकाळी लेकीला सांगितलं, "मला बांधून ठेव."

"वेड लागलंय का तुला?"

"पाय झोपेत चालतो. उशीवर घासला तर? ते कातडं सायीसारखं आहे गं, तू बघितलंस ना?"

"मी आईला बांधून कामावर जाऊ? शेजारी काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारीने पळून जायचा प्रयत्न केला."

तिला हसू आलं आणि मग तिने डोळे पुसले. पडद्याचं उरलेलं मऊ कापड घेऊन तिने पोटरी उशीला बांधली, गाठ सैल. मी म्हटलं घट्ट कर. तिने केली. म्हणाली, "दुखलं तर सांग." आणि दोघींनाही कळलं ती काय बोलली ते.

मग दर आठवड्याला पट्टी सुटायची आणि मी छताचा पिवळा चौकोन बघायची. विचारायचीच नाही. डॉक्टर कधी "हं" म्हणायचे, कधी "ठीक". एकदा म्हणाले, "कडा सरकतायत." घरी येईपर्यंत मी तो शब्द तोंडात घोळवत होते, आणि घरी आल्यावर त्याचीच भीती वाटायला लागली. आधी जायचा होता तो फक्त पाय होता. आता त्यात आशा शिरली होती, आता तो गेला तर जास्त जाणार होता. मी लेकीशी भांडले, वरणात मीठ जास्त झालं म्हणून, पंखा जोरात म्हणून. ती उलट बोलली नाही. एकदाच म्हणाली, "आई, मलाही भीती वाटते गं. मी तुझ्यासारखी बटणांच्या रंगाचं विचारत बसत नाही, एवढंच."

शेवटी एक दिवस सिस्टर म्हणाली, "मावशी, आज छताकडे नका बघू." तिने तळव्यापुढे आरसा धरला. भोक नव्हतं. तिथे गुलाबी, चकचकीत, पातळ अशी एक जागा होती, तिच्यावर रेषा नव्हत्या, घड्या नव्हत्या. बाकीचा तळवा म्हातारा आणि मधे ते. "तुमचंच आहे," डॉक्टर म्हणाले. "बाळाचं केव्हाच विरून गेलं." त्यांनी बोटाने तिथे दाबलं आणि विचारलं, "कळतं का?" मी त्यांच्या बोटाकडे बघत होते, म्हणून म्हटलं, कळतं. ते म्हणाले, "डोळे मिटा." मी मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "आता?" मी काहीच बोलले नाही.

"ते परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "जखम भरते, पण गेलेली जाणीव येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ पाय बघायचा. आरशात बघा, नाहीतर लेकीला बघायला सांगा. चपलेत हात घालून मगच पाय घालायचा. आता तुमच्या पायाचं दुखायचं काम तुमच्या डोळ्यांनी करायचं." मग ते जरा मागे सरले. "चला, उठा. उभ्या राहा."

मऊ तळाचे नवे बूट लेकीने आणले होते. तिने आत हात फिरवून बघितला, मग माझ्या पायात चढवले, नाड्या बांधल्या. सिस्टरने काखेत हात दिला. मी खाटेच्या कडेला आले. डावा पाय खाली गेला, फरशी लागली, निदान तसं वाटलं. मग उजवा. मी तो सोडला, हळूहळू, जसं भरलेलं भांडं उतरवतात. गुडघा उलगडत गेला. मी फरशीची वाट बघत होते. आता लागेल, आता लागेल. मनात नुसतं खाली खाली जाणं होतं, विहिरीत दोर सोडावा आणि पाणी लागूच नये तसं. खाली बघायचा धीर होईना. खाली वजन पडलं की ती गुलाबी जागा फुटेल, आणि फुटली तरी मला ऐकू येणार नाही. मी लेकीचा खांदा घट्ट धरला.

"टेकला का गं?"

लेक वाकली. तिने नीट बघितलं. मग वर न बघता, माझ्या पायाशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आई, केव्हाच टेकलाय."